मलिंडा वहिनीचं नाक

माझी वहिनी मलिंडा झायसेट बाळांचे कान हुंगायची. आमच्या टेकडीवर गेल्या वीस वर्षांत जन्मलेलं एकही पोर असं नाही, ज्याच्या कानापाशी तिचं नाक गेलं नाही. बाळंतपण उरकून ती घरी जायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी न बोलावता परत यायची, गार हात ॲप्रनला घासून गरम करायची, करंगळी बाळाच्या कानात फिरवायची आणि नाकाशी धरायची. मग मान हलवायची. म्हणजे सगळं ठीक. ‘झालं का गं हुंगून? आता शेपूट पण हलव,’ असं मी तिला निदान शंभर वेळा म्हटलं असेल. ती हसायची आणि कॉफी मागायची.

हुंगण्याला कारण होतं. आमच्या मेनोनाइट लोकांत, म्हणजे जुन्या चालीनं, घोडागाड्यांवर राहणाऱ्या आमच्या ख्रिस्ती पंथात, एक आजार आहे. बाळ जन्मतं ते ठणठणीत. दोन-तीन दिवसांत त्याच्या कानातल्या मळाला आणि मुताला मेपलच्या पाकासारखा गोड वास यायला लागतो. मग ते दूध सोडतं, अंग ताठ करतं आणि दहा-बारा दिवसांत संपतं. दुधातलंच काहीतरी त्याच्या शरीराला जिरवता येत नाही, ते साचत जातं आणि मेंदूला चढतं. आईचं दूधच बाळाला विष होतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असं बोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटलं होतं. पण ते खरं आहे. वेळेत कळलं, तर वेगळ्या पावडरीवर मूल वाढतं, शाळेत जातं, मारामाऱ्या करतं. मलिंडानं अशी चार पोरं नाकानं पकडली होती, सरकारी प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधी. त्यातला एक आता माझ्या घोड्यांना नाल ठोकतो.

ती पेनसिल्व्हेनियाहून माझ्या भावाची, आरनची, बायको होऊन इथे तळ्यावरच्या टेकडीवर आली तेव्हा वीस वर्षांची होती. उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कंजूष. मी एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची आणि अतिशहाणी. आमच्या आईला सून पसंत होती, मला नव्हती. माझा भाऊ तिच्यापुढे मांजर झाला होता, हे माझं दुखणं.

तिचं पहिलं मूल रूथ. ऑक्टोबरात झाली. चौथ्या दिवशी आमच्या आईनं तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, पोरीला पाकाचा वास येतोय. आम्हाला कुणालाच तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, ‘येणारच. बाळंतीण भाकरीपेक्षा पाक जास्त खाते.’ सगळे हसले, मलिंडासुद्धा थोडी हसली. अकराव्या दिवशी रूथ गेली. गावच्या डॉक्टरनं रक्तात जंतू झाले असं लिहून दिलं. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी या आजाराची चर्चा आमच्याकडे सुरू झाली, तेव्हा कुठे रूथला काय झालं असेल ते उमगलं. आणि मी ठरवून टाकलं की हे पेनसिल्व्हेनियाहून आलं, मलिंडाच्या माहेरून. झायसेटांच्या घरात असलं कधी काही नव्हतं. हे मी तिच्या तोंडावर एकदाच म्हणाले, पण पाठीमागे किती वेळा म्हणाले असेन ते देवाला ठाऊक.

रूथनंतर तिला दोन मुलगे झाले, दोघे धडधाकट. मग ती म्हाताऱ्या सुइणीबरोबर जायला लागली आणि तिच्या मागून स्वतःच सुईण झाली. आरन गेला, तरी ती जातच राहिली. बर्फात घोडागाडी उलटून तिचं मनगट मोडलं होतं, त्या आठवड्यातही तिनं एका हातानं जुळी काढली. लोकांचा तिच्यावर असा विश्वास होता की आमचे बिशपसुद्धा आपल्या सुनेच्या वेळी दाराबाहेर टोपी हातात धरून उभे होते.

आता त्या मार्चबद्दल सांगते. 

माझा मुलगा टायटस आणि सून आर्लीन आमच्याच घरात, पुढच्या भागात राहतात. आर्लीनचं पहिलं बाळंतपण होतं. त्या वर्षी थंडी उशिरा हलली आणि मेपलच्या झाडांना रस एकदम सुटला. रस सुटला की आमच्यात दुसरं काही चालत नाही. अंगणापलीकडच्या साखरघरात चुलाण पहाटे पेटलं की दिवसभर विझत नव्हतं, काहिलीतून वाफेचे लोट निघत होते, आणि शेवटचा पाक मी स्वयंपाकघरात आटवत होते. भिंती चिकट झाल्या होत्या. पडदे, पाव, नवऱ्याची दाढी, सगळ्याला तोच वास. बाहेर कपडे वाळत नव्हते, म्हणून बाळाचे लंगोटसुद्धा मी चुलाणामागच्या दोरीवर वाळवत होते. मलिंडा तिच्या मुलाच्या काहिलीवर डाव धरून उभी होती, तिथून उठूनच ती आर्लीनला सोडवायला आली.

मंगळवारी दुपारी एझ्रा झाला. पावणेआठ पौंड, केस काळे, आवाज दांडगा. मी आजी झाले होते ती काही पहिल्यांदा नव्हे, पण मुलाचा मुलगा पहिलाच. माझे पाय जमिनीवर नव्हते.

बुधवारी मलिंडानं त्याची टाच टोचून रक्ताचे थेंब सरकारी कागदावर घेतले. तो कागद सगळ्याच बाळांचा जातो, टपालानं, आणि उत्तर यायला आठवडा लागतो. मग तिनं पिशवीतून एक काचेची नळी काढली आणि म्हणाली की थोडं रक्त यात घेते, भाड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरला बोलावून आजच क्लिनिकला पाठवू, संध्याकाळपर्यंत कळेल.

ही धावपळ कुणाच्या घरी करतात ते मला माहीत होतं. ज्या घरात आजार आहे, त्याच घरी. खोलीत टायटस होता, माझा नवरा आयव्हन होता, आर्लीन पलंगावरून बघत होती. मला वाटलं, हिनं भर घरात आमच्या कपाळावर शिक्का मारला.

‘नळी कशाला?’ मी विचारलं.

‘खात्री करायला.’

‘कसली खात्री? वहिनी, रूथचं जे झालं ते तुझ्या माहेरच्या रक्तानं झालं. ते आमच्या घरात शोधू नकोस.’

आर्लीननं मान फिरवली. मलिंडानं तोंड उघडलं. ती काहीतरी सांगणार होती, मला ते स्पष्ट दिसलं. मग तिनं तोंड मिटलं. करंगळी एझ्राच्या कानात फिरवली, नाकाशी धरली, पुन्हा धरली. ‘वेगळा वास काही येत नाही,’ ती म्हणाली आणि नळी पिशवीत ठेवून दिली. गुरुवारी ती परत आली, हुंगून गेली. तेव्हाही काही आलं नाही. कसं येणार? त्या घरात त्या वासाशिवाय दुसरा वासच नव्हता. लंगोट गोड, उशी गोड, हुंगणारीची बोटं गोड. देवानं तिला जे नाक दिलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून पाकात बुडवून ठेवलं होतं, आणि ते ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या.

शनिवारी एझ्रा दूध ओढेनासा झाला. मी म्हणाले, आळशी आहे, बापावर गेलाय, टायटसला पण थोबाडीत मारून प्यायला उठवावं लागायचं. रविवारी तो नुसता झोपून होता. सोमवारी सकाळी आर्लीन रडायला लागली, तिला तापही होता. मी म्हणाले, रडू नकोस, मलिंडाकडे काटा आहे, मी वजन करून आणते. माझ्या पेटीतली धुतलेली लोकरी शाल काढली, त्यात त्याला गुंडाळला, टोपली घोडागाडीत ठेवली आणि निघाले.

मलिंडाचं घर दोन मैलांवर. मधला रस्ता टेकडीच्या माथ्यावरून जातो, तिथे झाड नाही, घर नाही, नुसता उत्तरेचा वारा. त्या वाऱ्यानं माझं नाक पहिल्यांदा मोकळं झालं. घोड्याचा वास आला, ओल्या चामड्याचा आला. तेवढ्यात एझ्रा रडला. ते रडणं माणसाच्या पोराचं नव्हतं, बारीक, चिरकं, एका सुरातलं. मी गाडी थांबवून शाल उघडली. त्याचे दोन्ही हात ताठ समोर आले होते आणि हळूहळू फिरत होते. आणि शालीतून पाकाचा वास आला. पाकाच्या जागेपासून मैलभर दूर, उघड्या माळावर. मला आधी वाटलं माझ्याच बाह्यांना येत असेल. मी बाही हुंगली, मग त्याचा कान हुंगला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाळाचा कान हुंगला.

मी घोड्याला चाबूक लावला. आमच्यात घोड्याला असं मारत नाहीत.

मलिंडा अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. मी टोपली तिच्या हातात दिली. तिनं तिथेच, उघड्यावर, त्याच्या कानाला नाक लावलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग ती एकदम नेहमीच्या स्वरात म्हणाली, ‘आत जा, ड्रायव्हरला फोन कर. दुसरा फोन हॉस्पिटलला, मी सांगते तसं बोल. आणि दुधाचा एक थेंब आता त्याला द्यायचा नाही.’

सव्वा तासाच्या वाटेत ती त्याला मांडीवर धरून बसली होती. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून मागे बघत नव्हते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या इवल्या बेंबीतून नळ्या घातल्या, मशीननं रक्त धुतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई, पेलेटियर नावाच्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. जगेल बहुतेक. मेंदूला किती लागलं ते तो मोठा होईल तसं कळेल. आर्लीन माझ्या अंगावर कोसळली. टायटस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सरकारी प्रयोगशाळेचा फोन आला, तुमच्या बाळाच्या रक्तात काहीतरी आहे म्हणून. माझ्या नवऱ्यानं त्यांचे आभार मानले. मला तो फोन भिंतीवर फोडावासा वाटला.

एझ्रा तीन आठवड्यांनी घरी आला, पावडरीच्या डब्यांसह. पुढच्याच रविवारी मलिंडा बिशपना सांगून प्रार्थनेला जमलेल्या मंडळीसमोर उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गुडघे टेकून म्हणाली, मी माझ्या नाकावर नको इतका भरवसा ठेवला, नळी पाठवायला हवी होती ती पाठवली नाही, एका लेकराला माझ्यामुळे इजा झाली. त्या नळीच्या वेळी खोलीत काय बोलणं झालं, त्यातला एक शब्दही तिनं काढला नाही. मी बाकावर बसून वाट बघत होते की आता माझं नाव निघेल. निघालं नाही. बिशपनी विचारलं, मंडळी क्षमा करते का? सगळे उभे राहिले. मीही राहिले.

बाहेर पायरीवर आमच्या बायकांच्या रीतीप्रमाणे मी तिच्या गालाचं चुंबन घेतलं आणि चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘वहिनी, माझ्या मनात काही नाही. मी तुला क्षमा केली.’

‘बरं,’ ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण खूश होते. मलिंडानं मात्र सुइणीची पिशवी फडताळात टाकली. दोघीजणी बोलवायला आल्या, त्यांना तिनं दुसऱ्या गावच्या सुइणीचा पत्ता दिला.

मे महिन्यात पेलेटियरबाईंनी घरच्यांचं रक्त तपासायला मागितलं. टायटस आणि आर्लीनमध्ये दोष असणार हे उघडच होतं, कारण तो दोघांकडून आल्याशिवाय आजार होत नाही. प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक खराब असली तर दुसरी काम भागवते आणि माणूस नव्वद वर्षं जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्ही खराब मिळाल्या की मूल आजारी. आमच्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या आपापसांतच लग्नं केलेल्या लोकांत दहांतल्या एकाकडे अशी खराब प्रत आहे म्हणे. टायटसला ती आयव्हनकडून आली की माझ्याकडून, एवढंच बघायचं होतं. मी हौसेनं दंड पुढे केला. आयव्हनच्या घरच्यांची, हूव्हरांची, लग्नं तीन पिढ्या एकाच दरीत झाली आहेत, हे माझं नवऱ्याला त्या सकाळी ऐकवूनही झालं होतं.

अहवाल सांगायला बाईंनी आम्हाला समोर बसवलं. आयव्हनचं रक्त स्वच्छ. दोष माझा.

आयव्हननं सकाळचं माझं बोलणं काढलं नाही, तो भला माणूस आहे. मी म्हणाले, चूक झाली असेल, नळ्या बदलल्या असतील. बाई म्हणाल्या, दोनदा तपासलंय. मग त्यांनी विचारलं की माहेरी कुणाचं तान्हं बाळ गेलं होतं का. मी सवयीनं म्हणाले, भावाची मुलगी गेली, पण ते वहिनीच्या बाजूनं आलं होतं.

‘एका बाजूनं येतच नाही,’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘ती याच आजारानं गेली असेल, तर तुमच्या भावाकडूनही आलेलं असणार. तुम्हाला आलं, तसंच त्यांना.’

नियम मला पाच मिनिटांपूर्वी पुन्हा समजावून झाला होता. मान डोलावून मी तो ऐकला होता. आणि तरी पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या पाळण्याशी त्याचा संबंध लावला नव्हता.  आयव्हन पाणी घे म्हणत होता. रूथला आमच्या घरचं रक्त बाधलं होतं, जितकं त्यांच्या तितकंच आमच्या. आणि मी तिच्या आईला पाक खाणारी म्हटलं होतं.

परत येताना मी मलिंडाच्या फाटकाशी उतरले. ती स्वयंपाकघरात एझ्राची उद्याची पावडर मोजत होती. हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं, लहानशा काट्यावर, एकेक ग्रॅम. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिनं हात थांबवला नाही.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’

‘वीस वर्षं होतील. सुइणींना शिकवायला एक डॉक्टर आला होता. त्यानं फळ्यावर काढून दाखवलं, आई इकडे, बाप तिकडे. मी बाकावर बसल्या बसल्या समजले.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

‘आरनला सांगायचं नव्हतं. रूथला आपण दोघांनी मारलं, असं त्यानं धरून ठेवलं असतं. तो गेल्यावर सांगायचं, तर तोवर गप्प राहायची सवय झाली होती.’ तिनं डब्याचं झाकण लावलं. ‘त्या बुधवारी मात्र सांगायलाच हवं होतं. म्हणूनच नळी काढली होती. तू रूथचं नाव घेतलंस आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. ती चूक माझीच आहे, एडना. मी मंडळीसमोर खोटं नाही बोलले.’

मी तिच्या पुढ्यात खुर्चीवर बसले.  मी म्हणाले, पायरीवर चार जणींसमोर मी तुला क्षमा केली, आणि तू ‘बरं’ म्हणालीस. मला तिथेच एक मुस्कटात का नाही मारलीस? ती म्हणाली, तुझा जावई बघत होता. मग मी म्हणाले की येत्या रविवारी मीही उभी राहते, गुडघे टेकते, सगळं सांगते, रूथचंसुद्धा.

‘टेक,’ मलिंडा म्हणाली. ‘पण रविवारला अजून सहा दिवस आहेत. वर्नाचे दिवस कधी भरतात?’

वर्ना माझी धाकटी लेक, केंटकीला दिलेली. जूनमध्ये बाळंत होणार होती. माझ्या पाच मुली आहेत, पाचही आपल्याच लोकांत दिलेल्या. त्या क्षणापर्यंत त्यांच्यातल्या एकीचाही विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. 

‘फोन करते,’ मी उठत म्हणाले.

‘फोनवर तू शब्द फिरवशील. मी तुला ओळखते. लिही. तिला, तिच्या नवऱ्याला आणि तिच्या सुइणीला. जन्मल्या दिवशी नळी, हुंगाहुंगी नाही. टपालवाला तीनला येतो.’

तिनं टेबलावरचा काटा बाजूला सरकवला, जागा पुसली आणि माझ्यापुढे कागद ठेवला. अडीच वाजले होते. वर्ना लहानपणापासून माझ्याकडून ऐकत आली होती की झायसेटांचं रक्त स्वच्छ आहे, आणि मलिंडामामीला जे भोगावं लागलं ते तिच्या माहेराचं. मी पेन धरून बसले. पहिली ओळ खोडली, दुसरी खोडली. मलिंडा कॉफीसाठी पाणी ठेवायला गेली. तीनला पाच कमी असताना मी लिहिलं:

‘वर्ना, हा आजार आपल्या घरात आहे. माझ्याकडून आला आहे. मी आजवर तुला खोटं सांगितलं.’